घाटाला पोट सुटलंय, साहेब

प्रति,
कृष्णाकाठच्या घाटांची, देवळांची आणि समाध्यांची कामं ज्यांच्या टेबलावरून मंजूर होतात ते सर्व अधिकारी व पदाधिकारी, सातारा जिल्हा

विषय : जुन्या दगडी घाटांवर चाललेलं काँक्रीटचं सुशोभीकरण थांबवण्याबाबत

महोदय,

महाशिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घाटावर निळा बोर्ड लागला : ‘घाट सुशोभीकरण करणे व संरक्षक भिंत बांधणे’. तिसऱ्या दिवशी जेसीबी पात्रात उतरला, चौथ्या दिवशी वरच्या पाच पायऱ्यांवर ब्रेकर चालला. शिवरात्रीला बायका पाण्यात उतरल्या त्या खडीच्या ढिगावरून, एकमेकींचा हात धरून. मी आधी साधा अर्ज दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाई आणि संगम माहुली यांच्या मधलं कृष्णाकाठचं एक गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं की तेवढ्या गावापुरता खुलासा मागवला जातो, फाइल बंद होते, आणि पलीकडच्या गावात तेच काम तसंच चालू राहतं. ही पद्धत मला ठाऊक आहे, कारण एकतीस वर्षं मी तुमच्यातलाच होतो. शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. असे खुलासे मीही लिहिलेत, आणि बरे लिहिलेत.

तेव्हा आधी माझ्या हातून झालेलं सांगतो.

१९९३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका घाटाची दुरुस्ती माझ्याकडे होती. पायऱ्यांच्या सांध्यांतून गवत उगवलेलं, दोन ठिकाणी पिंपळ. इस्टिमेटमधला आयटम सरळ होता : सांधे खरवडून एकास तीन सिमेंटने दरजा भरणे. कामावर एक म्हातारे पाथरवट होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरीला बसताना म्हणाले, “सायेब, समदं बुजवू नका. पान्याला माघारी जायला वाट ठिवा.” मी हसलो. एम.बी.त, म्हणजे मोजमापाच्या वहीत, माप चढवलं, बिल निघालं. दरजा इतक्या सरळ आल्या होत्या की वरिष्ठांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

२००५ च्या पुरानंतर तिकडे गेलो, तेव्हा खालून नवव्या ओळीपासून घाट फुगला होता. भिंतीला पोट सुटलं असं गवंडी म्हणतात, अगदी तसं. २०१९ ला दोन ओळी निखळल्या. २०२१ च्या जुलैत एक कोपरा सबंध बसला. सिमेंटच्या दरजा मात्र शाबूत होत्या. निखळलेल्या दगडांना चिकटून, लांबच लांब पट्ट्यांसारख्या, त्या नदीत पडल्या होत्या. तात्या तोवर गेलेले. कुणाला सांगणार?

झालं काय, ते तुमच्यातल्या तरुण अभियंत्यांसाठी लिहितो, कारण मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. घाटाची पायरी आपल्याला दिसते ती घडीव काळ्या दगडाची. तिच्या मागे दगडगोटे, मुरूम आणि चुन्याचा भराव असतो. पुरात हा भराव पाणी पितो. नदी उतरली की आत साठलेलं पाणी बाहेर यायला बघतं. जुन्या घाटात ते सांध्यांतून झिरपतं. पूर ओसरल्यावर दोन-दोन दिवस पायऱ्यांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा ओघळताना काठावरच्या माणसांनी पाहिल्या असतील. मी त्या फटी बुजवल्या. बाहेरचा नदीचा रेटा गेला, आतला राहिला, आणि आतल्या पाण्याने दगड पुढे ढकलले. पूर चढताना घाट पडत नाहीत, उतरताना पडतात.

आणि पूर हल्ली फार झपाट्याने उतरतो. आमच्या वर धोम आहे, त्याच्याही वर बलकवडी. माहुलीला वेण्णा येऊन मिळते, तिच्यावर कण्हेर. धरणांनी पुराची धार बोथट केली हे मान्य आहे, उगाच त्यांच्या नावाने बोटं मोडणार नाही. पण दरवाजे उघडले की पाणी चढतं आणि मिटले की एका रात्रीत खाली जातं. आषाढ-श्रावणात आठवडाभर हळूहळू ओसरणारी कृष्णा मी लहानपणी पाहिली आहे. तिच्या हिशोबाने बांधलेला घाट आता एकाच पावसाळ्यात तीन-चार वेळा भरतो आणि रिकामा होतो.

पाऊसही तो राहिला नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते ती जागा अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर. तिथून ती समुद्राकडे पाठ करून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, त्यामुळे समुद्राचं काही झालं तरी आपल्याला काय, असं आपण साताऱ्याची माणसं धरून चालतो. पावसाची वाफ मात्र त्याच अरबी समुद्रातून येते आणि तो तापतो आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांनी मोजलं आहे, आणि कारण म्हणून बोट दाखवलं आहे ते या समुद्राकडेच. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडींखाली माणसं गेली. त्यापुढे घाटाच्या पायऱ्यांचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण ज्या पैशात तुम्ही पायऱ्या फोडताय, त्याच पैशात त्या वाचतात, एवढंच म्हणणं आहे.

२०२५ च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपल्या जिल्ह्याचा प्रतापगड त्यात आहे, आणि पाण्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग. आनंद झालाच. लाटा वाढताहेत, तट झिजताहेत, या जलदुर्गांचं काय करायचं यावर आता बोललं तरी जातंय. निवृत्त झाल्यावर मी मुरूडहून होडीने पद्मदुर्ग बघायला गेलो होतो. तिथली तटबंदी प्रत्येक बांधकामवाल्याने एकदा हात लावून बघावी. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या लाटांनी दगड आत झिजत गेलाय आणि दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे, मधाच्या पोळ्याच्या कडांसारखा. मी त्या चुन्यावर नख चालवून पाहिलं, पावडरसुद्धा निघाली नाही. मला १९९३ आठवलं.

समुद्राच्या काठाला निदान किल्ल्यांनी नाव मिळवून दिलं. नदीच्या काठाची यादी कुणी केली? वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. नदी येणारच, हे धरूनच त्यांनी बांधलं होतं. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट सिनेमावाल्यांमुळे का होईना, जगाला माहीत झाला. पण वाईखाली नदी वळणं घेत माहुलीकडे निघाली की गावागावाला एक घाट, एक महादेव, दोन-चार समाध्या आणि वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळांची, रांग लागते. यातलं बहुतेक काही १९६० च्या राज्याच्या स्मारक कायद्याखाली संरक्षित नाही. म्हणजे कागदावर हे नुसते दगड आहेत, आणि दगडावर सुशोभीकरण करायला कुणाची परवानगी लागत नाही.

माहुलीचंच बघा. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ तिथे आहे. छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, महाराणी ताराराणींची आहे, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. दर मोठ्या पुरानंतर इथल्या समाध्यांवर गाळ चढतो, आणि तो पोरंटोरं, तरुण मंडळं श्रमदानाने काढतात. एवढ्या मोठ्या नावांची ही गत, तर आमच्या घाटाला कोण विचारतो!

आता तक्रारी. एकेक करून लिहितो, म्हणजे टिप्पणी करायला सोपं जाईल.

एक. आमच्या घाटाला बावीस पायऱ्या आहेत. मी टेपने मोजल्यात. त्यातल्या कुठल्याही दोन पायऱ्या एकसारख्या रुंद नाहीत, कारण त्या नदीच्या वळणाप्रमाणे बसवल्यात. इस्टिमेटमध्ये सगळ्या पायऱ्या एकाच मापाच्या धरल्यात, म्हणजे इस्टिमेट करणारा माणूस घाटावर आलेलाच नाही. वरून सतराव्या पायरीवर नवकंकरीचा पट कोरलेला आहे, बोटभर रुंद रेघांचा. माझे वडील त्यावर चिंचोक्यांनी खेळले, मी खेळलो. त्याच्या शेजारी एक वाटीएवढा खळगा आहे, औषधाच्या मुळ्या उगाळून उगाळून झालेला, असं आजी सांगायची. या पायरीवर सहा इंच काँक्रीट आणि वर ग्रॅनाइट येणार आहे. ओल्या ग्रॅनाइटवर पाय ठरत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

दोन. संरक्षक भिंत सलग आर.सी.सी.ची दाखवली आहे. ड्रॉइंग मी मिळवून पाहिलं. पाणी निघून जायला एकही वीप होल नाही. १९९३ साली मी जी चूक दरजांपुरती केली, ती तुम्ही दहा फूट उंचीची करताय. शिवाय ही भिंत महादेवाच्या मागच्या बाजूने काटकोनात वळते. पुराचं पाणी त्या कोनात शिरून भोवरा धरणार आणि देवळाचा पाया पोखरणार. ढोल्या गणपतीची मागची भिंत आमच्या गावापासून तासाभराच्या आत आहे. एकदा जाऊन बघितली असती तरी चाललं असतं.

तीन. जेसीबीला वाट करायला सात वीरगळ आणि एक सतीशिळा हलवली. सध्या हे सगळे दगड सार्वजनिक शौचालयाच्या मागे पडले आहेत, एक वीरगळ कंबरेत तुटला. पंचनामा नाही.

चार. घाटाच्या पायथ्याशी वाळू उपसून खड्डा झालाय. त्यावर याच पत्राच्या लांबीचं दुसरं पत्र होईल, म्हणून इथे एवढंच.

पाच. फोडलेल्या पायऱ्यांचा राडारोडा पात्रातच ढकलला आहे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत शेतकऱ्याने गोठा बांधला तर त्याला नोटीस येते.

सहा. सांगलीकरांचं मला फार वाटतं, कारण आम्ही वर जे पात्र अरुंद करतो ते त्यांच्या दारात जातं. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. माझी मोठी बहीण तिकडे दिलेली. तिच्याबरोबर एकदा हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो, तिथे कृष्णेला वारणा मिळते. त्या गावात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत विहिरीसारखी खोल खणलेली, आतून कोरडी ठणठणीत, वर्षानुवर्षं हळदीला कीड न लागू देणारी. २००५ च्या महापुराचं पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची निकामी झाली. आमचे दाजी एका बुजलेल्या पेवाच्या जागी उभं राहून म्हणाले, “हितं पाय आपटलास तर आवाज यायचा.” त्या पेवांवर कुठे पाटी नव्हती, कुठल्या यादीत नाव नव्हतं. गेली तेव्हा वारसा गेला असं कुणी म्हटलं नाही, माल भिजला असं म्हटलं. घाटांचंही असंच होणार, ही माझी खरी धास्ती.

आता तुमची बाजू. गावालाच सिमेंट हवंय, ग्रामसभेत टाळ्या पडल्या, हे खरं आहे. मी तिथे होतो. जुन्या पायऱ्या निसरड्या आहेत, विसर्जनाला पोरं घसरतात, म्हाताऱ्यांना कठडा हवा, तेही खरं. मी बोलायला उठलो तर मागून एकजण म्हणाला, “अण्णा, नोकरीत असताना तुम्ही हेच केलंत की.” खाली बसलो. त्याचं बरोबर होतं. पण कठड्यासाठी घाट फोडावा लागत नाही. एका बाजूला, दगडांच्या मूळ सांध्यांत बसवलेली लोखंडी कांबी आणि साखळी पुरते. शेवाळ काढायला वर्षातून दोनदा चार माणसं आणि काथ्याचे ब्रश लागतात. हा आयटम कुठल्याच इस्टिमेटमध्ये का नसतो, तर त्यात मार्जिन नाही. हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. एकतीस वर्षं आयटम लिहिलेल्या माणसाचं निरीक्षण समजा. आणि ‘आय लव्ह’ च्या पुढे गावाचं नाव असलेली ती लाल अक्षरं घाटाच्या डोक्यावर उभी करायचीत, त्याबद्दल माझी हरकत नाही. फक्त ती एस.टी. स्टँडवर उभी करा.

मागण्या अशा :

आमच्या घाटाचं काम आजच्या स्थितीत थांबवावं. फोडलेले दगड जागेवरच क्रमांक घालून ठेवावेत. ते भरावात गेले तर पुन्हा सापडणार नाहीत, आणि तसा दगड घडवणारे हात आता जिल्ह्यात फार उरलेले नाहीत.

जुन्या दगडी बांधकामावर सिमेंटची दरजा, प्लास्टर, काँक्रीट किंवा फरशी, यातलं काहीही मंजूर करू नये. दुरुस्ती चुन्यातच व्हावी. चुना मिळत नाही, चुना मळायची घाणी नाही, ही सबब चालणार नाही. राज्यात किल्ल्यांच्या डागडुजीची कामं चुन्यातच होतात. त्याच कारागिरांना इकडे बोलवावं आणि आमच्या चार पोरांना त्यांच्या हाताखाली शिकवावं. पोरं मी देतो.

संरक्षक भिंत खरोखर लागत असेल, तर आधी पुराचं पाणी कुठून येतं नि कुठे वळतं याची पाहणी करावी, जुन्या वास्तूंचं काम केलेल्या वास्तुविशारदाची सही घ्यावी आणि मगच ड्रॉइंग करावं. पाण्याला वाट नसलेली भिंत मंजूर करू नये.

वाईपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवरचे घाट, देवळं, समाध्या, वीरगळ यांची मोजमापासह नोंद करावी. प्रत्येक ठिकाणी २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण दगडात कोरून घ्यावी. आज ती दाखवू शकणारी माणसं जिवंत आहेत. ही नोंद पूररेषेच्या नकाशावर चढवावी आणि धरणातून विसर्ग कमी करताना तो टप्प्याटप्प्याने करता येईल का, हे त्या नकाशावर बोट ठेवून तपासावं.

वीरगळ आणि सतीशिळा या आठवड्यात शौचालयाच्या मागून उचलाव्यात. तुटलेला वीरगळ जोडायचा प्रयत्न कुणी सिमेंटने करू नये.

राडारोडा मृग लागायच्या आत पात्रातून काढावा. ७ जूननंतर नदी तुमची निविदा वाचत बसणार नाही.

उत्तर लेखी द्यावं आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. मला वेगळी प्रत नको.

१९९३ सालच्या त्या घाटाची माझी मोजमापाची वही अजून माझ्याकडे आहे. कोणती ओळ कुठे फुगली, किती इंच पुढे आली, ते नंतर पेन्सिलीने त्याच पानांवर लिहिलंय. आमच्या घाटाच्या बावीस पायऱ्यांचंही माप तयार आहे. मी रोज सकाळी सात ते नऊ घाटावर असतो. ज्यांनी ड्रॉइंग केलं त्यांना पाठवा. टेप आणू नका म्हणावं, माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
कृष्णाकाठ, जि. सातारा